गुडघ्यात वाका, कमरेत नको

बारक्याची पाठ गेली तेव्हा मी क्लबाच्या वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात पंख्याच्या दुरुस्तीबद्दल पत्र लिहीत होतो. खालून आधी धप्प असा आवाज आला, मग लोखंडी काठ्या फरशीवर घरंगळल्याचा खणखणाट, आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' फार वाईट होतं. पत्र अर्धवट टाकून मी जिना उतरलो.

बारक्या म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. भावंडांत शेंडेफळ म्हणून बारक्या. बाकी त्याच्यात बारीक असं काही नव्हतं. आमच्या दारातून आत येताना तो खांदे तिरके करायचा. इमारतीत कुणाचं कपाट हलवायचं असो की कुणाच्या आजोबांना खुर्चीसकट जिना उतरवायचा असो, लोक आधी बारक्याला हाक मारत आणि मग कपाट कुठे न्यायचं याचा विचार करत. नोकरी मात्र त्याला लाभत नव्हती. तो आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा. म्हणजे गुडघ्यापर्यंत सोफ्यावर, उरलेला बारक्या स्टुलावर. शेवटी मी ज्या गोल्फ क्लबात कार्यालय अधीक्षक होतो, तिथल्या बॅगखोलीत त्याला चिकटवून दिला. त्यात माझा डोळा हॉलवर होता, असं बायकोचं ठाम मत आहे. मी म्हणतो, डोळे दोन असतात. एक हॉलवर होता.

गोल्फबद्दल मला विचाराल तर मी एवढंच सांगू शकतो की क्लबात येतात ते सभासद, आणि त्यांच्या बॅगेत असतात त्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात. त्यामुळे 'क्लब हरवला' असा फोन आला की आमचा नवा कारकून दोन दिवस घाबरायचा. या काठ्यांची बॅग माणसाच्या छातीपर्यंत उंच. तोंडाशी जड, बुडाशी निमुळती. उचलली की आतल्या काठ्या एका बाजूला सरकतात आणि बॅग आपल्याला सोबत घेऊन पडायला बघते. गाडीतून ती उतरवायची, पायऱ्या उतरून बॅगखोलीत न्यायची, पुसायची आणि दुमजली फडताळावर चढवायची. खेळणाऱ्यांची पाठ खेळून दुखते, ती वेगळी. आमच्या माणसांची पाठ त्यांच्या खेळण्याआधी आणि खेळण्यानंतर दुखायची.

बारक्या ज्या बॅगेखाली सापडला ती कॅप्टनसाहेबांची होती. कॅप्टन म्हणजे क्लबचे अध्यक्ष. जहाज किंवा पलटण यांपैकी त्यांनी काहीही चालवलेलं नव्हतं. गृहस्थ मनाने चांगले, पण बॅगेच्या बाबतीत हावरे. काठ्या, दोन छत्र्या, बुटांचे जोड, थर्मास, ओले टॉवेल आणि एखाद्या शाळेला वर्षभर पुरतील इतके चेंडू. आणि ही बॅग वरच्या फडताळावर, मधोमध ठेवायची प्रथा होती, कारण तो मानाचा खण.

मी खाली पोचलो तेव्हा बारक्या फरशीवर कुशीवर पडला होता. तोंड भिंतीकडे.

"काय झालं रे?"

"काही नाही भावोजी. जरा अडकलंय." मग म्हणाला, "काठ्या मोजून घ्या. एखादी फडताळाखाली गेली असेल."

मी मोजून घेतल्या. मला दुसरं काय करावं ते सुचलंच नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीकडे धरला, मान हलवली आणि कडक बिछान्यावर पडून राहायला सांगितलं. त्यामुळे सोफा बाहेर गेला, हॉलच्या फरशीवर गादी आली आणि गादीवर बारक्या आला. मोकळा होणार होता तो हॉल असा भिंतीपासून भिंतीपर्यंत भरला. टीव्ही लावायचा तर बारक्याला ओलांडून जावं लागे. दुसऱ्या दिवशी मुलाच्या शुश्रूषेला सासूबाई आल्या.

"जावईबापू," पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या क्लबात बॅगा उचलायला माझंच पोरगं सापडलं?"

"आई, तीच एक जागा रिकामी होती."

"रिकामी का होती, ते विचारलं होतंत?"

मी विचारलं नव्हतं. आधीचा माणूस पाठ धरून गेला होता, हे मला त्यानंतर कळलं.

कॅप्टनसाहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी बारक्यासाठी गोल्फच्या चेंडूंचा नवा कोरा डबा पाठवला. पाठीखाली चेंडू घेऊन हळूहळू लोळलं की आराम पडतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सासूबाईंनी तो डबा उघडला, एक चेंडू बोटांनी दाबून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि डबा मोरीत नेऊन ठेवला.

आता काहीतरी करणं भाग होतं. मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. सेक्रेटरी म्हणजे क्लबचे पगारी कारभारी, माझे वरिष्ठ. म्हटलं, वरची फडताळं काढून टाकू, पायऱ्यांवरून उतरेल अशी हातगाडी घेऊ, आणि जड बॅगांना दोन माणसं लावू.

"अधीक्षक," ते म्हणाले, "फडताळं सागवानी आहेत. पाठ ज्याची त्याची असते. त्यापेक्षा प्रशिक्षण देऊ."

"कोण देणार?"

"तुम्हाला एवढा कळवळा आहे तर तुम्हीच द्या ना."

कळवळा दाखवण्याचे तोटे मला शाळेत कुणी शिकवले नव्हते. असा मी क्लबाचा सुरक्षा-प्रशिक्षक झालो. लेखी हुकूम नाही, तोंडीच. उभ्या आयुष्यात मी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे टंकलेखन यंत्र, तेही टेबलावरून त्याच टेबलावर.

आमच्या इमारतीत गुपित ठेवायचं तर ते स्वतःलाही सांगू नये. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरचे पीटीमास्तर दारात हजर. निवृत्त होऊन काळ लोटला तरी शिट्टी अजून गळ्यात. त्यांनी मला गच्चीवर नेलं. गोल्फची बॅग नव्हती म्हणून सतरंजीच्या वळकटीत पडद्याचे लोखंडी बार भरले. मी वाकलो की शिट्टी, उठलो की शिट्टी.

"गुडघ्यात वाका! कमरेत नको! ओझं पोटाशी! श्वास आत!"

"बाहेर," पाण्याच्या टाकीपाशी उभे असलेले विमा एजंट म्हणाले. "उचलताना श्वास बाहेर सोडायचा असतो."

श्वास आत की बाहेर, यावर दोघांचं इतकं जुंपलं की मी वळकटी छातीशी धरून श्वासच न घेता उभा राहिलो. समोरच्या काकूंनी कपाटातून कमरेचा पट्टा काढून आणला. "हा आमच्या ह्यांचा. घ्या, लाजू नका. ते गेले, पण पट्ट्याने नाही."

हसण्यासारखं होतं खरं. पण रोज गच्चीवरून खाली आलो की हॉलमध्ये बारक्या छताकडे बघत पडलेला असायचा. कुशीवर वळायला त्याला आईचा हात लागायचा. एकदा मी त्याच्याजवळ बसून प्रशिक्षणासाठी लिहून काढलेले नियम वाचून दाखवले. उचलायच्या आधी बॅग तिरकी करून वजन अजमावा. पाय फाकवा. एक हात मुठीला, एक बुडाखाली. वळायचं तर पावलं वळवा, कंबर नको. खांद्याच्या वर जड काही चढवू नका. जड असेल तर दोघांनी उचला.

बारक्या ऐकत होता. म्हणाला, "बरंय की. हे कुणाला सांगणार?"

"जे अजून उभे आहेत त्यांना," मी म्हणालो, आणि मग मला स्वतःच्या जिभेची लाज वाटली.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये बॅगखोलीची सगळी माणसं रांगेत उभी केली होती. कॅप्टनसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि उन्हातून आलेले चार सभासद हातात थंड पेयं घेऊन समोर. फोटो काढायला स्वयंपाकघराचे मॅनेजर, कारण क्लबात चांगला मोबाइल त्यांचाच. प्रात्यक्षिकाला बॅग ठेवली होती ती कॅप्टनसाहेबांचीच. मी मुद्दाम मागून घेतली होती. मला सर्वांदेखत दाखवायचं होतं की ही बॅग एका माणसाची नव्हे. दुसऱ्या टोकाला धरायला एक जण ठरवूनही ठेवला होता.

"अहो, दोघं कशाला?" कॅप्टनसाहेब हसत म्हणाले. "प्रशिक्षक तुम्ही आहात. एकट्याने दाखवा. फोटोत गर्दी नको."

मी म्हणायला हवं होतं, साहेब, मुद्दाच तो आहे. पण रांगेतली माणसं बघत होती, सभासद बघत होते, आणि शर्टाखाली मी काकूंचा पट्टा बांधला होता. त्या पट्ट्याने माणसाला नसता धीर येतो. मी पाय फाकवले. गुडघ्यात वाकलो. एक हात मुठीला, एक बुडाखाली. बॅग पोटाशी घेतली आणि श्वासाचं काय करायचं ते ऐनवेळी विसरून उठलो.

बॅग उठली! अगदी नियमाबरहुकूम उठली. रांगेतल्या दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आयुष्यात इतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो.

"वा!" मॅनेजर ओरडले. "तसेच राहा. जरा इकडे बघा!"

मी बघितलं. आधी मान वळली, मग मानेच्या मागोमाग खांदे, आणि खांद्यांमागोमाग कंबर. पावलं जागीच राहिली. आत ओली फांदी मोडल्यासारखं काहीतरी झालं. काठ्या एका अंगाला सरकल्या, आणि मी बॅगेसह पोर्चच्या कुंड्यांत गेलो.

पण फोटो त्याआधी निघाला होता. त्या क्षणी वेदनेने माझे दात दिसत होते, ते हसल्यासारखे दिसतात. सेक्रेटरीसाहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो मोठा करून बॅगखोलीत लावला. खाली ठळक अक्षरांत, 'योग्य पद्धत.'

मग हॉलमध्ये दुसरी गादी आली. आम्ही दोघं शेजारीशेजारी, पाय एकाच दिशेला, दुकानाच्या खिडकीत मांडल्यासारखे. सासूबाई एकाला चमच्याने भरवायच्या आणि तोच चमचा विसळून दुसऱ्याला. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पीटीमास्तर म्हणाले, श्वास चुकला. विमा एजंट म्हणाले, मी सांगत होतो. काकूंनी पट्टा सावकाश सोडवून परत नेला.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शाळेत शिकवते, ओरडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण ती गप्प झाली. अर्धा दिवस रजा टाकून माझ्या भरपाईसाठी कामगार कचेरीत गेली आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परतली.

"तिथल्या कारकुनाने विचारलं, बॅग उचलणं तुमच्या मिस्टरांच्या कामात येतं का? मी म्हटलं, नाही. मग उचलली कशाला? म्हटलं, कशी उचलावी ते शिकवायला. तर म्हणतो, बाई, शिकवता शिकवता पाठ गेली, म्हणजे पद्धत तरी चुकीची असणार नाहीतर माणूस."

"तू काय म्हणालीस?"

"फोटो आहे म्हटलं. योग्य पद्धत लिहिलेला." ती पंख्याखाली बसली. "तो खूप हसला हो. मग त्याने शेजारच्या टेबलावरच्यालाही सांगितलं."

बारक्या दुसऱ्या गादीवरून म्हणाला, "ताई, माझं काही विचारलं का?"

त्याचं विचारलं होतं. त्याच्या अपघाताची फाइल त्याच टेबलावर होती. बिनशिकवलेल्या माणसाला अशा कामाला लावलं असेल तर दोष क्लबाचा, आणि क्लबाने उपचाराचा खर्च द्यायचा. डॉक्टरांनी तोवर ऑपरेशन सांगितलं होतं. बारक्याच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. तो पाय त्याचा राहिला नसल्यासारखा नुसता पडलेला असायचा.

त्यानंतर दोन दिवसांनी सेक्रेटरीसाहेब फळांची पिशवी घेऊन घरी आले. बसायला जागा नव्हती, म्हणून आमच्या दोघांच्या पायांशी स्टुलावर बसले. माझी चौकशी केली. मग आवाज उतरवून म्हणाले, "अधीक्षक, एक छोटंसं काम आहे. प्रशिक्षण यांच्या अपघाताच्या आधी झालं होतं, आणि हे त्याला हजर होते, एवढं तुम्ही लिहून द्यायचं. मजकूर मी आणलाय. नुसती सही."

"पण ते नंतर झालं."

"तारखेचं काय एवढं? तुमची भरपगारी रजा मी कालच मंजूर केलीय. नोकरीही आहे तशीच राहील. शेवटी क्लब आहे म्हणून आपण आहोत."

बारक्या डोळे मिटून पडला होता. तो झोपलेला नाही हे मला त्याच्या पोटाच्या हालचालीवरून कळत होतं. तसाच डोळे मिटून तो म्हणाला, "करा हो सही, भावोजी. एकाची तरी नोकरी राहू दे."

सेक्रेटरीसाहेबांनी कागद पुठ्ठ्यावर लावून माझ्या छातीवर धरला, पेन हातात दिलं. मी काय करणार होतो ते मला खरंच माहीत नाही. मी पेन टेकवलं. पण उताणं पडून वरच्या बाजूला लिहू लागलं की बॉलपेनची शाई मागे पळते. नुसता पांढरा ओरखडा उठला. साहेबांनी पेन झटकलं, तळहातावर घासलं, तोंडाने फुंकलं, दुसरं काढलं. तेही तसंच. तितक्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या या. उद्या मी यांना उशा लावून बसवते."

ते गेल्यावर सासूबाई माझ्या उशाशी बसल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"जावईबापू, पोराचं व्हायचं ते झालं. माझ्या मुलीचं घर चाललं पाहिजे. द्या करून सही."

बायको शाळेतून आल्यावर तिलाही कळलं. म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मी मध्ये पडणार नाही." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन झोपायच्या वेळेपर्यंत भांडी आपटत राहिली.

एकानेही मला 'सही करू नका' म्हटलं नाही. तसं कुणी म्हटलं असतं तर मी कदाचित करून मोकळा झालो असतो. माझा स्वभाव तसा आहे, कुणी अडवलं की मला बळ चढतं. पण ज्याची पाठ गेली तोच म्हणत होता करा, त्याची आई म्हणत होती करा. एवढी मोकळीक मला झेपेना.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेब जाड टोकाचं स्केचपेन घेऊन आले. वर धरा, खाली धरा, लिहितं म्हणाले.

"पेन चांगलं आहे," मी म्हटलं. "पण त्याला कुणी शिकवलं नव्हतं, साहेब."

"कुणाला?"

"बारक्याला. मला स्वतःलाच तोवर येत नव्हतं. मी त्याच्या नंतर शिकलो. आणि तेही पुरतं नाही."

साहेब पेनाला टोपण लावून उठले. जाताना बारक्याच्या पायाला त्यांचा पाय लागला. ते सॉरी म्हणाले. बारक्याला लागल्याचं कळलंच नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. कचेरीतून तपासणीला माणूस आला, त्याने स्वतः एक बॅग उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. सागवानी वरचं फडताळ निघालं. जड बॅगांना दोन माणसं लागली. कॅप्टनसाहेबांची बॅग मात्र हलकी झाली नाही, ती आता दोघांनी उचलतात इतकंच. बारक्याच्या ऑपरेशनचा खर्च मिळाला, पण इतके हेलपाटे घातल्यावर मिळाला की डॉक्टर म्हणाले, थोडं आधी करायला हवं होतं. पाय परत आला, पण सगळा नाही. आता त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची मनाई आहे. माझी जागा 'पुनर्रचनेत' गेली. मी आता तळघरात धोबीखात्यात टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्यांच्या शेजारी बसतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच की टॉवेल हलके असतात.

दोघांनाही डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. संध्याकाळी आम्ही कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. वरून बघितलं तर दोन धडधाकट पुरुष टंगळमंगळ करत चाललेत असंच वाटेल, कारण दुखणं कपड्यांच्या आत असतं.

परवा कोपऱ्यावर एक म्हाताऱ्या बाई टॅक्सीच्या मागे उभ्या होत्या. पायाशी मोठं खोकं. टॅक्सीवाला जागचा हलायला तयार नव्हता. बाईंनी बारक्याकडे पाहिलं. त्याच्याकडे कुणीही आधी पाहतंच.

"अहो दादा, जरा हात लावता का?"

बारक्याचं पाऊल पुढे पडलं. दोन्ही हात पुढे झाले, बोटं पसरली. मग ते हात तसेच हवेत थांबले. त्याने ते खाली घेतले आणि पँटला पुसले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "दिसायला एवढे..." आणि पुढचं न बोलता त्या खोक्याशी वाकल्या. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते कसंबसं डिकीत लोटलं, आणि कमरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग दार आपटून निघून गेल्या.

टॅक्सी वळेपर्यंत बारक्या तिच्याकडे बघत होता. मग फूटपाथच्या कठड्याला टेकला. मीही टेकलो. त्याच्या कपाळावर घाम होता.

"भावोजी," तो म्हणाला, "खूप दुखतंय हो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तो रडायला लागला. लोक जात-येत होते. एवढ्या मोठ्या माणसाला रस्त्यात कसं धरतात, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आपला त्याच्या शेजारी उभा राहिलो.